घरचा लेथ निवडताना : प्रस्तावना

हे पुस्तक एका मर्यादित प्रश्नासाठी लिहिलं आहे. घरात, म्हणजे गॅरेजमध्ये, इमारतीच्या तळमजल्यावरच्या बंद खोलीत, गच्चीवरच्या बरसातीत किंवा मागच्या अंगणात, धातूकामासाठी एक लहान लेथ बसवायचा आहे. पैसे बाजूला काढलेले आहेत, दोन-तीन यंत्रं डोळ्यांसमोर आहेत आणि ती एकमेकांसारखीच दिसतात. त्यातलं कुठलं घ्यावं? दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. विचारणाऱ्यांत निवृत्त अभियंते असतात, हवाई दलातून बाहेर पडलेले तंत्रज्ञ असतात, जुन्या बुलेट आणि लॅम्ब्रेटा पुन्हा रस्त्यावर आणणारी तरुण मुलं असतात, वाफेच्या इंजिनाची चालती प्रतिकृती करायला बसलेले आजोबा असतात. प्रत्येकाकडे कॅटलॉगची पानं असतात, त्यांवर पेनाने खुणा केलेल्या असतात, आणि बहुतेकांची गाडी वॅट, आरपीएम आणि किंमत या तीन आकड्यांपाशी येऊन अडते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या तीन आकड्यांना सर्वांत शेवटी बघा. पुढे कधीही बदलता येणार नाही असं यंत्रात काय आहे ते आधी तपासा. आणि मॉडेल ठरवून थांबू नका, दुकानात उभं असलेलं ते एक यंत्र स्वतः पारखून घ्या.

हे सारखेपण येतं कुठून, ते समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. गेल्या काही दशकांत घरगुती वर्कशॉपमध्ये पोचलेला लहान लेथ मुख्यतः चीनमधून आला आहे. शांघायच्या सीग कंपनीचा सी-२, सी-३ हा वर्ग त्यातला सर्वांत ओळखीचा. बेडवर साधारण १८० मिमी व्यासाचा जॉब फिरतो, दोन सेंटरांमधलं अंतर ३०० किंवा ३५० मिमी, वजन चाळीस किलोच्या आसपास. याच आराखड्याचे लेथ तिकडचे इतर कारखानेही करतात, आणि अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, आपल्याकडे ते निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या रंगांत विकले जातात. त्याच्या वरचा वर्ग २१० मिमी व्यासाचा, वजन सत्तर किलोच्या घरात. त्याच्याही वरचा २५० मिमीचा, सव्वाशे किलोच्या पुढचा. एका वर्गातली दोन यंत्रं शेजारी ठेवली तर फोटोत फरक दिसत नाही. फरक असतो तो विकणाऱ्याने कारखान्याकडून काय मागून घेतलं यात: गिअर धातूचे की प्लॅस्टिकचे, बेड कडक केलेला की नुसता ग्राइंड केलेला, जिबच्या पट्ट्या नीट बसवलेल्या की स्क्रू आवळून कशाबशा जागी धरलेल्या, बांधणीनंतर तपासणीला किती वेळ दिला.

देशी बाजारातही हीच गत आहे. लुधियाना, बटाला आणि राजकोट इथे बिडाचं ओतकाम करून लाइट ड्यूटी लेथ बनवणारे अनेक छोटे कारखाने आहेत. इथली भाषा मिलिमीटरची नसते. साडेचार फुटी, सहा फुटी असं बेडच्या लांबीवरून यंत्र ओळखलं जातं. कोन पुली, पट्टा, बॅक गिअर, मोठा लीडस्क्रू, वर हिरवा नाहीतर करडा रंग. दोन गावांतल्या दोन कारखान्यांचे साडेचार फुटी लेथ लांबून ओळखू येत नाहीत. पण एकाच्या हेडस्टॉकमध्ये गनमेटलचे बुश असतात, दुसऱ्याच्या टेपर रोलर बेअरिंग. एकाचं बीड ओतल्यावर मुरू दिलेलं असतं, दुसऱ्याचं ओतकाम थंड होताच मशीनवर चढवलेलं असतं आणि वर्षभरात आतले ताण मोकळे होऊन बेड किंचित पीळ धरतो. हा शेवटचा फरक कुठल्याही कॅटलॉगात छापलेला नसतो.

तिसरा पर्याय जुन्या, नामांकित यंत्रांचा. इथे मराठी वाचकाला थोडं थांबायला मी सांगेन, कारण या देशातल्या लेथच्या इतिहासात आपली माणसं आहेत. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करतात, १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवतात, नांगर आणि चरकांपासून पुढे जातात. आणि १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहते ती मशीन टूल बनवण्यासाठी. तिचे एंटरप्राइझ आणि टर्नमास्टर लेथ देशभरच्या आयटीआयमध्ये, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, गल्लीबोळातल्या कारखान्यांत गेले. कंपनी बंद पडली तरी ते लेथ अजून चालतात. दुसरीकडे स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनशी सहकार्य करून १९५३ मध्ये बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी, स्थापन झाली. साठच्या दशकात चंदीगडजवळ पिंजोरलाही तिचा कारखाना आला. एचएमटीचा एनएच-२२ म्हटलं की आजही जुन्या टर्नरचा चेहरा खुलतो. यातला २२ हा आकडा २२० मिमी सेंटर हाइट सांगतो. असं यंत्र टनाच्या वर वजनाचं असतं. मन कितीही ओढ घेत असलं तरी ते घरात कोणाला शक्य आहे आणि कोणाला नाही, याचा हिशेब पुढे येईल.

आता मुख्य मुद्दा. लेथमधल्या बऱ्याच गोष्टी नंतर बदलता येतात. चक बदलता येतो. टूलपोस्ट बदलता येतो. प्लॅस्टिकचे गिअर काढून धातूचे बसवता येतात. छोट्या चिनी लेथच्या हेडस्टॉकमध्ये बहुधा ६२०६ नंबरची बॉल बेअरिंग येते. ती काढून ३०२०६ ही टेपर रोलर बसवणारे कितीतरी हौशी जगभर आहेत. मोटार बदलता येते, डायल बदलता येते, जिब घासून बसवता येते. मग बदलता काय येत नाही? बेड, स्पिंडलचं भोक, सेंटर हाइट, आणि हेडस्टॉकचं ओतकाम. निवडीचा सगळा भर या चार गोष्टींवर द्यावा असं माझं मत आहे.

बेडचं महत्त्व आकड्यांत सांगता येतं. तुळईचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन बेड रुंदीला सारखे असले आणि एकाची उंची दुसऱ्याच्या दीडपट असली, तर तो सव्वातीन पटींहून जास्त ताठ असतो. फिरणारा व्यास सारखा म्हणून यंत्रं सारखी, हा समज इथेच मोडतो. ब्रिटनमध्ये बीस्टनच्या मायफोर्ड कंपनीने १९४६ मध्ये आणलेला एमएल-७ हा घरगुती लेथचा मानदंड मानला जातो. त्याची सेंटर हाइट साडेतीन इंच, म्हणजे फिरणारा व्यास सात इंच. चीनच्या सर्वांत छोट्या लेथचा व्यासही तेवढाच. पण मायफोर्डचं वजन त्याच्या कितीतरी पुढे, बेड रुंद, आडवे ताण सहन करणारा. त्यामुळे पोलादाच्या सळईत पार्टिंग टूल घातलं की जिथे छोटा लेथ थरथरतो तिथे तो शांतपणे कापत जातो. म्हणून दोन सारख्या यंत्रांपुढे उभं राहिलात की टेप काढा आणि बेडची रुंदी, उंची आणि खालच्या फासळ्यांची जाडी मोजा. वजनही विचारा, आणि ते खोक्यासकट आहे की खोक्याशिवाय, हेही विचारा.

स्पिंडलच्या भोकाकडे नवखा माणूस बघतच नाही. छोट्या वर्गात हे भोक २० मिमीचं असतं, २१० मिमीच्या वर्गात बहुधा ३८ मिमीचं. फरक अठरा मिलिमीटरचा, पण घरच्या कामात तो रोज भेटतो. आपल्याकडे पाण्याच्या ज्या नळीला अर्धा इंची म्हणतात तिचा बाहेरचा व्यास २१ मिमीच्या थोडा वर भरतो. ती २० मिमीच्या भोकातून जात नाही. म्हणजे सहा फुटी नळीच्या टोकाला फेसिंग करायचं असेल, आटे पाडायचे असतील, तर आधी नळी कापून तुकडे करावे लागतात. ३८ मिमीच्या भोकातून एक इंची नळीही सहज जाते. मोटारसायकलचा फोर्क पाइप, पडद्याचा रॉड, एक इंची बार यातलं काहीही भोकातून मागे सोडून टोकाशी काम करता आलं तर स्टेडी रेस्टची कटकट वाचते. दोन यंत्रांत बाकी सगळं समान असेल आणि भोक वेगळं असेल, तर मी किमतीकडे न बघता मोठ्या भोकाचं यंत्र घेईन.

आता त्या तीन आकड्यांविषयी, कारण त्यांची भुरळ मोठी असते. पाचशे पन्नास वॅट, सातशे पन्नास वॅट, अकराशे वॅट असे आकडे मोटारीवर छापलेले असतात. पहिली अडचण अशी की ते मोटारीत शिरणाऱ्या विजेचे आहेत की शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचे, हे बहुधा लिहिलेलं नसतं. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. हाय स्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापायचं तर कापण्याचा वेग मिनिटाला पंचवीसेक मीटर धरावा. ८० मिमी व्यासाच्या फ्लँजला हे शंभर फेऱ्यांच्या आसपास येतं. मोठी बिडाची चकती असेल तर त्याहूनही कमी. इलेक्ट्रॉनिक नॉबने वेग कमी करणाऱ्या यंत्रात टॉर्क फार तर तेवढाच राहतो, म्हणून शक्ती वेगाच्या प्रमाणात घटते. २५०० फेऱ्यांना सहाशे वॅट देणाऱ्या मोटारीकडून त्याच पट्ट्यावर १०० फेऱ्यांना मिळतात ते जेमतेम २४ वॅट. काप थोडा खोल गेला की स्पिंडल थांबतो, आणि घरातला माणूस मोटारीला दोष देतो. हाय-लो गिअर असलेलं यंत्र यातून बरंच सावरतं. बॅक गिअर असलेला देशी लेथ तर अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटारीवरही मोठा व्यास संथपणे आणि दमाने कापतो, कारण तिथे वेग गिअरने उतरवलेला असतो आणि मोटार आपल्या पूर्ण वेगाने फिरत असते. म्हणून वॅट विचारू नका. सर्वांत कमी फेऱ्या किती आणि त्या कशाने मिळतात ते विचारा.

आट्यांचा प्रश्न या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण घेतो, तरी इथे थोडं बोलावंच लागेल. लीडस्क्रू आणि बदलीचे गिअर यांच्या जोरावर अचूक आटे पाडणारा लेथ हेन्री मॉड्स्ले यांनी लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस उभा केला, आणि आजच्या घरगुती लेथमधली रचना तत्त्वतः तीच आहे. आपल्या घरांत दोन जगं एकत्र नांदतात. स्कूटरचे, कूलरचे, फर्निचरचे बोल्ट मिलिमीटरचे. नळ, गॅस, पंप यांचे आटे बीएसपी, म्हणजे इंची. अर्धा इंची बीएसपीला इंचात १४ आटे असतात आणि आट्याचा कोन ६० नाही, ५५ अंशांचा. लीडस्क्रू मिलिमीटरचा असेल आणि आटे इंची पाडायचे असतील, किंवा याच्या उलट, तर मध्ये १२७ दातांचा गिअर लागतो, कारण पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. उदाहरणार्थ १.५ मिमीच्या लीडस्क्रूवर इंचाला १४ आटे हवे असतील तर गुणोत्तर १२७ ला १०५ असं येतं. यंत्रासोबत १२७ दातांचा गिअर मिळतो का, आणि तो बसेल एवढी जागा गिअरच्या आवरणाखाली आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावं. तो नसेल तरी धीर सोडू नये. हाती असलेल्या गिअरांतून जवळचं गुणोत्तर साधता येतं, आणि हजारात एक भागाची चूक पंधरा मिलिमीटर लांबीच्या आट्यांत ०.०१५ मिमी इतकीच साठते. नळाच्या कामाला ती कळतही नाही. लांब लीडस्क्रू स्वतःच कापायचा असेल तर गोष्ट वेगळी. सारख्या दोन यंत्रांत एकाबरोबर पूर्ण गिअर संच येत असेल आणि दुसऱ्याबरोबर निम्मा, तर हा फरक रंगापेक्षा, डिजिटल आकड्यांच्या पडद्यापेक्षा मोठा मानावा.

इथवर कागदावरचं झालं. यापुढचं दुकानात उभं राहून करायचं काम आहे, आणि माझ्या मते एनसीआरमध्ये राहण्याचा खरा फायदा हाच. मुंबई-पुण्याच्या माणसाला तो आहेच. पण आडगावात राहून खोकं घरी मागवणाऱ्याला तो नाही. नवी दिल्ली स्टेशनच्या एका बाजूला पहाडगंज, जिथे आपली नूतन मराठी शाळा आहे. दुसऱ्या बाजूला अजमेरी गेट आणि जीबी रोड, जिथे तळमजल्यावर मशिनरी, मोटारी, बेअरिंग आणि हत्यारांची दुकानं ओळीने लागलेली आहेत. चावडी बाजारात हार्डवेअर, भागीरथ पॅलेसमध्ये विजेचं सामान. मेट्रो एका दिशेला फरीदाबाद ओलांडून बल्लभगडपर्यंत जाते, दुसऱ्या दिशेला गाझियाबादपर्यंत. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसवलेल्या फरीदाबादच्या एनआयटी भागात आणि गाझियाबादच्या औद्योगिक वसाहतींत एखाद्या कारखान्याने सीएनसी घेतली की जुना लेथ बाहेर पडतो. उत्तरेत लेथला खराद म्हणतात आणि टर्नरला खरादी. ओळखीचा एखादा जुना खरादी सोबत नेता आला तर न्यावा. त्याच्या बोटांना जे कळतं ते लिहून सांगणं कठीण आहे.

सोबत न्यायचं सामान थोडं आहे: चुंबकी स्टँडवरचा डायल गेज, मायक्रोमीटर, धार लावलेलं एक टूल आणि २५ मिमी जाडीची माइल्ड स्टीलची आखूड सळई. आधी चक काढायला सांगा. दुकानदार कुरकुरला तरी आग्रह धरा. स्पिंडलच्या आतल्या टेपरला गेजचं टोक लावून स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. काटा एकशतांश मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. हे मोजमाप चक बसवून घेऊ नये. तीन जॉच्या चकमध्ये पाच-सात शतांशाचा डगडगाट सर्रास असतो आणि तो यंत्राचा दोष नव्हे. मग लाकडी दांडी स्पिंडलमध्ये घालून वर-खाली जोर द्या. काटा हलून परत जागेवर आला तर ती धातूची लवचीकता. परत आलाच नाही तर बेअरिंग सैल आहे. क्रॉस स्लाइडचं हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच जड, मध्येच हलकं लागलं तर डव्हटेल सरळ घासलेली नाही, आणि ती जिब आवळून सुधारत नाही.

यानंतरची कसोटी माझ्या लेखी सर्वांत बोलकी. चक बसवून सळई शंभर मिलिमीटर बाहेर काढून पकडा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. सळईच्या मधला भाग थोडा खाली उतरवा, म्हणजे चकजवळ एक आणि टोकाला एक अशा दोन कडा उरतील. टूलची जागा न बदलता दोन्ही कडांवरून एकच हलका काप घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक दोन शतांशाच्या आत आला तर हेडस्टॉक बेडला समांतर बसवलेला आहे. फरक मोठा आला तर लगेच यंत्र नाकारू नका. ते ज्या टेबलावर ठेवलं आहे ते डगमगतं आहे का बघा, कारण लहान बेड नुसत्या वाकड्या टेबलावर बोल्ट आवळल्यानेही पीळ खातो. टेबल बदलून तीच कसोटी पुन्हा घ्या. एकाच मॉडेलची दोन यंत्रं दुकानात असतील तर दोन्हींवर घ्या. मॉडेल एक असूनही आकडे वेगळे येतात, आणि तुम्हाला हवं असलेलं यंत्र त्या दोनांतलं एक असतं. अशा तपासण्यांची पद्धतशीर मांडणी बर्लिनचे प्राध्यापक जॉर्ज श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये पुस्तकरूपाने केली. साध्या लेथच्या स्वीकृतीसाठी आज आयएसओ १७०८ हे मानक आहे. देशी कारखानदार यंत्रासोबत टेस्ट चार्ट देतात. तो मागावा, आणि त्यातले दोन आकडे तिथल्या तिथे पडताळून पाहावेत. जो विक्रेता हे करू देतो त्याच्याकडून घेतलेलं यंत्र थोडं महाग पडलं तरी चालेल.

जुन्या लेथसाठी आणखी एक कसोटी आहे आणि ती फुकट आहे. सॅडल चकजवळ आणा, तिचा लॉक किंचित आवळा, इतकाच की हँडल थोडं जड फिरेल. मग सॅडल टेलस्टॉककडे न्या. वर्षानुवर्षं काम चकजवळ झालेलं असतं, त्यामुळे तिथला बेड झिजतो आणि टेलस्टॉककडचा कोरा राहतो. मध्यावर येऊन सॅडल घट्ट अडकली तर झीज किती आहे ते समजलं. बेडच्या कडेवरून नखही फिरवून बघा. सॅडल जिथे पोचत नाही तिथे पायरी लागते. थोडी झीज असलेला किर्लोस्कर घरच्या कामाला उत्तम आहे आणि तो घ्यावा असंच मी म्हणेन. नवा रंग मारलेला जुना लेथ मात्र दुप्पट काळजीने बघावा.

घराचा विचार आता. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आपल्याकडचं मानक चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा भार गृहीत धरतं. सत्तर किंवा सव्वाशे किलोचा लेथ, रुंद पायांच्या टेबलावर, भिंतीलगत, यात बसतो. तीन-चारशे किलोचा देशी लेथ तळमजल्यावरच शोभतो, आणि टनाचा एनएच-२२ तर तळमजल्यावरही स्वतंत्र काँक्रीटचा पाया मागतो. मोटार जुन्या कारखान्याची असेल तर ती थ्री फेज, ४१५ व्होल्टची. घरी येते ती २३० व्होल्टची सिंगल फेज. सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारी व्हीएफडी बसवली तर दोन-तीन हॉर्सपॉवरपर्यंत प्रश्न सुटतो आणि वेगही हातात येतो. मात्र आधी मोटार २३० व्होल्टला डेल्टात जोडता येते का ते तिच्या पाटीवर वाचावं, मंजूर लोड तपासावा आणि अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्यावं. काही व्हीएफडींच्या गळतीने घरचा आरसीसीबी पडतो. म्हणून आरसीसीबी काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नये. योग्य प्रकारचा आरसीसीबी मिळतो, तो बसवावा.

शेजाऱ्यांचंही ऐकायला हवं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. गिअरवर चालणारं यंत्र पट्ट्यावरच्या यंत्रापेक्षा जास्त आवाज करतं आणि स्लॅबमधून कंपन खालच्या घरात उतरतं. रबरी पॅड यावर बरेच उपयोगी पडतात.

आणि दिल्लीची हवा. मे-जूनच्या वावटळींतून येणारी बारीक वाळू बेडवरच्या तेलात बसली की सॅडल प्रत्येक फेरीला बेड घासते. यंत्रावर कायम कापड हवं आणि सॅडलच्या टोकांना फेल्टच्या पट्ट्या हव्यात. दोन यंत्रांत एकाला त्या असतील आणि दुसऱ्याला नसतील, तर त्या घरी करता येतात, पण पहिल्या दिवशीच कराव्यात. जुलैत पाऊस लागला की उघड्या बिडावर एका रात्रीत गंज येतो. बंद खोलीत हाताला घाम असतो आणि घामाचा ठसाही गंजतो. तापमानाचा परिणाम लोकांना खोटा वाटतो, म्हणून हिशेब देतो. ५० मिमीचा पोलादी जॉब नुकताच कापून वीस अंशांनी तापलेला असेल तर तो थंड असतानापेक्षा ०.०११ मिमी मोठा भरतो. बेअरिंगची जागा करताना एवढा फरक घट्ट आणि सैल यांच्यातला असतो. मोजमापाचं जागतिक प्रमाण २० अंशांचं आहे. आपल्याकडे बंद खोलीत जानेवारीत दहाच्या आसपास आणि मेमध्ये चाळीसच्या वर पारा असतो. शेवटचा काप घेण्याआधी जॉब निवू द्यावा.

पैशांबाबत एकच सांगतो. लेथला जितके लागतील, जवळजवळ तितकेच चार जॉचा चक, ड्रिल चक, लाइव्ह सेंटर, टूल, टॅप, मायक्रोमीटर, बेंच ग्राइंडर यांना लागतात. सगळी रक्कम यंत्रावर घालून हत्यारांना हात आखडणाऱ्याचा लेथ कापडाखाली झाकून पडतो. सुरुवात कार्बाइडच्या टिपांनी करू नये. हाय स्पीड स्टीलची चौकोनी पट्टी घ्यावी आणि ग्राइंडरवर स्वतः धार लावायला शिकावं. कमी शक्तीच्या, कमी ताठ यंत्राला तीच मानवते, आणि धातू कसा कापला जातो हे धार लावणाऱ्यालाच समजतं. हे शिकण्यात जाणारे आठवडे वाया जात नाहीत, याची मी खात्री देतो.

सुरक्षिततेवर या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते यंत्र सुरू करण्याआधी वाचावं ही विनंती नाही, अट आहे. चकची चावी चकमध्ये ठेवून हात दुसरीकडे न्यायचा नाही. हातमोजे नाहीत, लांब बाही नाही, ओढणी नाही, गळ्यात काही नाही, हातात कडं किंवा अंगठी नाही. चष्मा नेहमी. चीप हाताने ओढायची नाही, ब्रशने काढायची. घरात लहान मूल असेल तर स्विचला कुलूप. निवड करतानाही हे लक्षात असावं: इमर्जन्सी स्विच तळहाताने सहज दाबता येईल असा समोर आहे का, वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होतं का. वीज परत येताच स्वतःहून फिरायला लागणारा लेथ घरात ठेवू नये. त्याला नो-व्होल्ट स्विच बसवून घ्यावा.

तर कोणी काय घ्यावं? तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय राहणाऱ्याने २१० मिमीचा, ३८ मिमी भोकाचा लेथ घ्यावा. दोन माणसं टेलस्टॉक आणि चक काढून तो जिन्याने वर नेतात. पितळेची बारीक कामं, घड्याळांचे सुटे भाग, मॉडेलची चाकं इतकंच करायचं असेल तर १८० मिमीचा छोटा लेथही पुरतो, आणि त्याचे दोष हाताने सुधारत बसणं हे यंत्र समजून घेण्याचं फार चांगलं शिक्षण आहे. जुन्या मोटारसायकलींची कामं करणाऱ्याने, तळमजला हाती असेल तर, लुधियाना किंवा राजकोटचा बॅक गिअरचा देशी लेथ बघावा, रोलर बेअरिंगचाच. किंवा झीज तपासून जुना टर्नमास्टर. २५० मिमीच्या वर्गातलं चिनी यंत्र आणि देशी साडेचार फुटी यांत अडकलेल्याला मी जागा आणि वीज विचारतो, आणि दोन्ही असतील तर देशी यंत्राकडे झुकतो, कारण त्याचा सुटा भाग मोडला तर तो इथल्या कुठल्याही खरादीकडे पुन्हा करून मिळतो. पुढची प्रकरणं याच क्रमाने जातात. पहिलं बेडविषयी आहे. ते वाचायच्या आधी डायल गेज विकत घ्या, म्हणजे त्यातली मोजमापं कुणा ओळखीच्याच्या लेथवर करून पाहता येतील.